तेराव्याआधी सही नको!

पेपर आला की घरातल्या प्रत्येकाचं पान ठरलेलं असतं. कुणाला क्रीडा पान हवं, कुणाला राशिभविष्य, आणि आपली पुरवणी तर आपण आधीच बाजूला काढून ठेवलेली असते. पण आतल्या पानावर, बारीक टाइपात, 'जाहीर नोटीस' नावाचे चौकोन छापलेले असतात, तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. 'अमुक इसम अमुक तारखेला मयत झाले असून त्यांच्या मिळकतीवर कुणाचा बोजा, गहाण, हक्क वा येणे असल्यास इतक्या दिवसांच्या आत कागदपत्रांसह कळवावे' अशा धर्तीचा तो रूक्ष मजकूर असतो. मैत्रिणींनो, आज मला या कोरड्या मजकुराबद्दलच बोलायचंय. कारण माणूस गेल्यावर घरातल्या बाईच्या खरोखर उपयोगी पडेल असं शहाणपण त्या चार ओळींत आहे.

त्या नोटिशीत होतं काय? गेलेल्या माणसाकडून कुणाचं काही येणं असेल, तर त्याने पुढे यावं, लेखी सांगावं, पुरावा दाखवावा आणि मुदतीत सांगावं. म्हणजे पहिलं पाऊल घरच्यांनी टाकायचं आणि घेणेकऱ्याने कागद घेऊन यायचं. पण अशा नोटिसा छापतात कोण? ज्यांचा प्लॉट विकायचा असतो, ज्यांच्याकडे वकील असतो, ते. बाकीच्या घरांत गाडी उलटी चालते. घरचे गप्प असतात आणि घेणेकरी आपापल्या सोयीने एकेक करून येतात. आणि येतात ते सासऱ्यांकडे किंवा दिराकडे नाही, तर कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईकडे.

महिला मंडळाच्या कामानिमित्त मी गेली काही वर्षं अशा घरांत जाते. गंगापूर तालुक्यातल्या एका गावात कपाशीवाल्या शेतकऱ्याचं घर होतं. नवरा चाळिशीतच हार्ट अटॅकने गेला. नवव्या दिवशी एकजण स्टॅम्पपेपर घेऊन आला. "वहिनी, भाऊंनी दोन लाख नेले होते. तुम्हाला आत्ता काही द्यायचं नाही, नुसती सही करून ठेवा," म्हणाला. भाऊंनी दोन लाख नेले होते का, कधी नेले, त्यातले किती फेडले, तिला काहीच माहीत नव्हतं. पण बाहेर पाहुणे बसलेले, चारचौघांत शोभा नको, म्हणून तिने सही केली. वर्षभराने तो कागद समोर आला, तेव्हा त्यावर ती स्वतःच कर्जदार होती! वाळूजला कंपनीत कामाला असलेल्या दुसऱ्या एकाच्या घरी वेगळाच प्रकार झाला. तिथे बायकोने भीतीपोटी आपले दागिने मोडून जो सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होता त्याचे पैसे आधी देऊन टाकले. शेजारच्या किराणावाल्याचे आणि नवऱ्याच्या हाताखालच्या मजुराचे पैसे मात्र तसेच राहिले.

दोन्ही घरांत एकच गोष्ट राहून गेली होती. कुणाचं किती देणं आहे याची यादी कुणी केलीच नव्हती.

कर्ज कुणाचं?

आपल्याकडे पक्की समजूत आहे की नवऱ्याचं कर्ज म्हणजे बायकोचं कर्ज आणि बापाचं कर्ज म्हणजे पोराचं कर्ज. कायदा तसं म्हणत नाही, आणि आज नाही तर दीडशे वर्षांपासून म्हणत नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात १८६६ साली हिंदू वारसांना दिलासा देणारा एक कायदा झाला होता. वाडवडिलांच्या कर्जापायी मुलगा, नातू किंवा इतर वारस स्वतःच्या खिशातून देणं लागत नाही, जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरताच तो जबाबदार, असं त्यात ठरलं. गंमत म्हणजे विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिच्या दुसऱ्या नवऱ्याला पहिल्या नवऱ्याच्या कर्जासाठी धरता येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहावं लागलं. म्हणजे तोवर लोक कुठवर पोहोचत असतील, विचार करा! आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा आपल्यासाठी नव्हता. पण आज देशभर लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हेच तत्त्व आहे. गेलेल्या माणसाची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तिच्या मर्यादेतच वसुली. मालमत्ता शून्य, तर वसुली शून्य. आणि 'बापाचं ऋण फेडणं हा मुलाचा धर्म' या एवढ्याच आधारावर मुला-नातवांवर दावा लावायची सोयही २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती बंद केली.

मात्र इथे एक मोठा 'पण' आहे. कर्जाच्या कागदावर तुमची सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल, तर ते कर्ज तुमचंही आहे. घरकर्जात बँका हमखास नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात. म्हणून प्रत्येक कर्जाबाबत पहिला प्रश्न हाच विचारायचा, यावर माझी सही आहे का? नसेल, तर तेराव्याच्या आधी काय आणि नंतर काय, नवी सही करायचीच नाही. जुन्या, मुदत संपत आलेल्या कर्जाला अशा लेखी कबुलीने नव्याने जीव येतो, हे घेणेकऱ्याला ठाऊक असतं. आपल्याला नसतं.

काही गोष्टींना तर घेणेकऱ्याचा हातच लागत नाही. तुमचं स्त्रीधन, म्हणजे माहेरचे, लग्नातले, तुम्हाला मिळालेले दागिने, ही नवऱ्याची मालमत्ताच नव्हे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम नॉमिनीला मिळते ती मृताच्या कर्जातून मोकळी होऊन मिळते, असं त्या कायद्यातच लिहिलंय. नवऱ्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली विमा पॉलिसी घेतली असेल, तर ती बायकोमुलांसाठीची विश्वस्त ठेव धरली जाते आणि त्याच्या सावकारांना त्यावर हक्क सांगता येत नाही. (कर्ज बुडवण्यासाठीच पॉलिसी काढली असेल तर गोष्ट वेगळी.) कोर्टाच्या जप्तीतूनसुद्धा अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने वगळलेले आहेत. मंगळसूत्राकडे बोट दाखवणाऱ्याला हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

आधी कुणाला?

भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने किंवा कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाने काय करायचं, हे त्यात क्रमाने दिलंय. घेणेकऱ्यांना रीतसर नोटीस द्यायची, मुदत संपली की माहीत असलेली देणी भागवून उरलेलं वारसांत वाटायचं. मग जो आपला दावा सांगायला आलाच नाही, त्याच्यासाठी व्यवस्थापकाला जबाबदार धरता येत नाही. (तो घेणेकरी वारसांच्या हाती गेलेल्या मालमत्तेच्या मागे जाऊ शकतो, एवढा त्याचा हक्क राहतो.) पैसे देण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टकामाचा खर्च, मग मजूर, कारागीर, घरकामगार यांची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजुरी आणि मग बाकीची कर्जं. पैसे कमी पडत असतील तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात द्यायचे. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क त्या तारणावर वेगळा असतो, पण बाकी कुणी मोठ्याने बोलला म्हणून त्याचा नंबर आधी लागत नाही. हे वाचलं तेव्हा मला वाळूजची ती बाई आठवली. कायद्याने मजुराला वरच्या पायरीवर बसवलंय, आणि आपण त्याला सगळ्यात शेवटी ठेवतो!

आपल्याकडे बहुतेक घरांत मृत्युपत्र नसतं आणि कोर्टाचा व्यवस्थापकही नसतो. त्यामुळे ही नोटीस कुणी सक्तीने द्यायला लावत नाही. पण म्हणून ती देऊ नये असं थोडंच आहे? आपल्याच शहरात मुस्लिम घरांत जनाज्याच्या वेळी जवळचा नातेवाईक उभं राहून सांगतो की मरहूमकडून कुणाचं काही येणं असेल तर आमच्याशी बोला. त्यांच्या कायद्यात दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र आणि मग वारसांची वाटणी असाच क्रम आहे. न दिलेला मेहर हेही नवऱ्याच्या मालमत्तेवरचं कर्जच, म्हणजे तिथे ती विधवा स्वतःच एक घेणेकरी असते. चारचौघांत उघडपणे विचारण्याची ही रीत मला फार आवडते. जे उघड विचारलं जातं, त्यात नंतर कानात येऊन काही सांगायला जागा उरत नाही.

यादी आणि पत्र

मग करायचं काय? एक शंभर पानी वही घ्यायची आणि तिचे तीन भाग करायचे. पहिल्यात घरात काय आहे, दुसऱ्यात आपलं कुणाकडून येणं आहे आणि तिसऱ्यात कुणाचं देणं आहे. पासबुकं, सातबारा, पॉलिसी, गहाणाच्या पावत्या, भिशीची डायरी, सगळं त्यात उतरवायचं. नवऱ्याचा मोबाइल आणि सिमकार्ड लगेच बंद करू नका. सोनेतारणाच्या लिलावाची सूचना असो की हप्ता थकल्याचा मेसेज, सगळं त्याच नंबरवर येतं. पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का, तेही बघा. ४३६ ची असते प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि २० रुपयांची अपघात विम्याची. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण असतं. कर्जावरही बऱ्याचदा विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता आपल्याच पैशातून गेलेला असतो. बँकेने सांगण्याची वाट न बघता आपणच विचारायचं.

येणं लिहायलाही विसरू नका. २०२३ च्या जुलैत आपल्या शहरातल्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. अशा संस्थेत गेलेल्या माणसाची ठेव अडकली असेल, तर तिथे आपण घेणेकरी आहोत. वारस म्हणून आपलं नाव त्या यादीत लागलं पाहिजे.

यादी झाली की पत्र लिहायचं. प्रत्येक बँकेला, पतसंस्थेला, सोसायटीला, क्रेडिट कार्डाच्या कंपनीला आणि पैसे येणं आहेत असं सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला. मजकूर अगदी साधा. 'माझे पती अमुक तारखेला वारले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. त्यांच्याकडून आपले काही येणे असल्यास कर्जाची तारीख, मूळ रक्कम, मिळालेली परतफेड, शिल्लक, विमा व तारण यांचा तपशील कागदपत्रांच्या प्रतींसह तीस दिवसांत लेखी कळवावा. हे पत्र म्हणजे कोणत्याही कर्जाची कबुली नाही.' हे शेवटचं वाक्य गाळायचं नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं किंवा हातोहात देऊन पोच घ्यायची आणि झेरॉक्स वहीत चिकटवायची. त्या दिवसापासून कुणी दारात आलं तर उत्तर एकच, "लेखी द्या, वहीत लिहिते."

या पत्राचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. खरा घेणेकरी कागद घेऊन येतो, बऱ्याचदा हप्ते लांबवून देतो, व्याज सोडतो. खोटा असतो तो परत येतच नाही. बँकेला पत्र मिळालं की मृताच्या नावाने फोन करण्याचं तिला कारण उरत नाही. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय, तेही लक्षात असू द्या. बँकेतले पैसे मात्र नवऱ्याच्या एटीएम कार्डाने काढत बसू नका. पुढे हिशेब मागितला गेला तर तेच अंगाशी येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. कागदपत्रं पूर्ण असतील तर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आणि नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने, वारसाच्या दाखल्यासाठी कोर्टात न पाठवता पैसे द्यायचे. बँकांनी हे ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचं, असंही त्यात आहे.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. शेअर, म्युच्युअल फंड नॉमिनीच्या हातात येतात, पण मालकी वारसांचीच राहते. म्हणून 'मी नॉमिनी, माझे पैसे' म्हणणाऱ्या दिराला घाबरायचं नाही, आणि आपण नॉमिनी असलो तर सगळं खर्चूनही टाकायचं नाही.

सावकार दारात

आता आपल्या मराठवाड्याचं खरं दुखणं. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात बीडमध्ये २६९ आणि आपल्या जिल्ह्यात १८२. यांतल्या किती घरांत मागे कर्जाचं ओझं आणि एक बाई राहिली असेल! जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. म्हणजे बघा, विनापरवाना सावकाराचं कर्ज सरकारच्या कागदावर मोजलं जात नाही, पण त्याच कर्जासाठी तो सावकार मात्र दारात येऊन बसतो. मदतीसाठी ते कर्ज खोटं आणि वसुलीसाठी खरं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात.

इथे महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ कामी येतो. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. विनापरवाना सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर १५ वर्षांच्या आतले असे व्यवहार तपासून जमीन परत करण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना आहे. म्हणून सावकाराला लिहायच्या पत्रात एक ओळ जास्तीची घालायची, 'आपल्या सावकारी परवान्याची प्रत जोडावी.' ही ओळ वाचून पुष्कळांची पावलं परत फिरतात. मात्र बिनव्याजी हातउसने देणारा शेजारी, अडीनडीला धावलेला मामा हे सावकार नव्हेत. त्यांना या ओळीने दुखवायचं नाही.

सातबाऱ्याचंही असंच. 'इतर हक्का'च्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का ते बघून वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. मयताच्या नावाने वर्षानुवर्षं पडून राहिलेले सातबारे दुरुस्त करायला एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यावरूनच आपला आळस कळतो. आणि ती नोंद होताना तुमचं आणि मुलींचंही नाव त्यात लागतंय ना, हे स्वतः वाचून बघा. 'नंतर लावू' म्हणतात, ते नंतर राहून जातं.

हे सगळं सांगितलं की एखादी सासूबाई हमखास म्हणतात, "अगं, पण ऋण डोक्यावर ठेवून गेला तर त्याला गती कशी मिळणार?" त्या भावनेचा मी आदर करते. वैर, हत्या आणि ऋण चुकत नाही, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. ज्याने खरोखर अडचणीला मदत केली, त्याचे पैसे पुढे चार वर्षांनी, स्वतःच्या कमाईतून, हळूहळू फेडावेसे वाटले तर जरूर फेडावेत. अशा बायका मी पाहिल्यात, त्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो. पण ते त्यांनी ठरवून केलं, वहीत मांडून केलं. नवव्या दिवशी घाबरून केलेल्या सहीने कुणाला गती मिळत नाही, फक्त घरातली पोरं शाळेतून निघतात.

एकटीला हे जमणार नाही असं वाटलं, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. पत्राचा मसुदा तिथे दाखवून घ्या. आणि ज्यांचं कुंकू, देवाच्या दयेने, धडधाकट आहे त्यांनी तर हे आजच करावं. नवऱ्याला या रविवारी चहा देताना शेजारी वही घेऊन बसा आणि विचारा, "अहो, आपलं कुणाचं किती देणं आहे?" तो आधी चिडेल, 'अभद्र बोलू नकोस' म्हणेल. म्हणू दे. दुसरा चहा ठेवा आणि पुन्हा विचारा.